शेषरावांच्या जिगा

दिवाळीत लकवा मारल्यावर एकविसाव्या दिवशी शेषरावांच्या तोंडून पहिला शब्द निघाला आणि जयमालाबाईंनी आख्ख्या गल्लीत साखर वाटली. जरा थांबल्या असत्या तर साखर वाचली असती.

शब्द होता, "हाव." म्हणजे हो. आमच्याकडं हो म्हणायला जीभ अशीच वळते. "चहा देऊ का?" असं बाईंनी सवयीनं विचारलं आणि खाटेवरून उत्तर आलं, "हाव." बाईंच्या डोळ्यांना धारा लागल्या. तशाच उठल्या, चहा केला, बशीत ओतून तोंडाशी नेला. शेषरावांनी तोंड फिरवलं.

"नोको का?"

"हाव."

"मंग पानी देऊ?"

"हाव."

पाणीही नको होतं. "अवो, काय पाह्यजे ते सांगा ना." तर म्हणे, "हाव."

त्याला आता अडीच महिने झाले. जानेफळच्या त्या घरात दिवसातून पन्नास वेळा हाव ऐकू येतं आणि एकाचाही अर्थ लागत नाही. मेहकरचे डॉक्टर म्हणाले, "बाई, त्यांना सगळं कळतं. आतलं बाहेर यायची वाट अडली आहे. जो एक शब्द मोकळा राहिला तोच येतो. मानही त्याच शब्दाच्या मागं हलते, तिच्यावर जाऊ नका." ऐकायला ठीक आहे. पण जी बाई या माणसाजवळ चोवीस तास बसलेली, तिनं मग कशावर जायचं? ते काही डॉक्टरांनी सांगितलं नाही. सांगणारे तेवढंच सांगतात जेवढं त्यांना ठाऊक असतं, आणि उरलेलं बायांच्या गळ्यात पडतं.

शेषरावांचा उजवा हात आणि उजवा पाय गेलेला, डावी बाजू शाबूत. खाटेवरून खुर्चीत, खुर्चीतून मोरीत, मोरीतून पुन्हा खाटेवर, असं त्या भरदार माणसाला उचलता उचलता जयमालाबाईंचं मनगट सुजलं होतं. त्यावर जुन्या लुगड्याची पट्टी बांधून त्या हिंडायच्या. कोणी विचारलं तर म्हणायच्या, पडली होती.

त्यातच मुलाचा, अविनाशचा फोन. अविनाश पुण्याला कंपनीत, बायको तिथलीच, एक मुलगी. पोरगं वाईट नाही. उलट इतकं चांगलं, की त्याला नाही म्हणायची चोरी. त्यानं सगळं ठरवलं होतं. मळा गावातल्याच कोणाला करायला द्यायचा, घराला कुलूप, आईबाबा पुण्याला. फोन बापाच्या कानाला लावायला सांगून त्यानं विचारलं, "बाबा, येता ना पुण्याले?"

"हाव," शेषराव म्हणाले.

"पाह्य आई, बाबा तयार आहेत. मी येत्या रविवारी गाडी घेऊन येतो."

जयमालाबाई म्हणाल्या, "बरं." त्या सगळ्यालाच बरं म्हणायच्या. लग्न झाल्यापासून म्हणत आल्या. घरातलं सगळं शेषरावांना विचारून व्हायचं. वांगी लावायची का मिरची, पोराला कुठं शिकायला ठेवायचं, दारं कोणत्या रंगाची, सगळं. बाईंना कोणी विचारायचं नाही आणि त्यांना सांगायची सवय नव्हती. आता मात्र त्यांना पुण्याला जायचं नव्हतं. पण हे त्या स्वतःशीसुद्धा धड कबूल करेनात. त्यांचा हिशोब साधा होता. मालकाला खरंच जायचं असेल, तर मी मुकाट जाईन. मालकाला जायचं नसेल, तर मी पोराशी भांडेन, काय वाटेल ते करीन. फक्त या माणसाच्या मनात काय आहे ते मला रविवारच्या आत कळलं पाहिजे.

सोमवार होता तो.

आता त्या हावशिवाय शेषराव आणखी एक गोष्ट करत होते. डावा हात उचलून समोरच्या कोनाड्याकडं बोट दाखवत होते. रोज. कोनाड्यात एक निळा प्लास्टिकचा डबा, आणि डब्यात त्यांच्या जिगा.

जिग म्हणजे काय ते सांगून टाकतो, नाही तर तुमचंही माझ्या गावासारखं व्हायचं. मासे धरायचा गळ असतो ना, त्याच्या डोक्याशी शिशाचा गोळा ओतलेला. गोळ्याखाली रबराच्या बारीक दोऱ्यांची झालर, पोळ्याच्या बैलाच्या गोंड्यासारखी. गळाच्या टोकापुढं ताठ केसांचा एक झुपका, म्हणजे शेवाळात ओढताना टोक अडकू नये. मागं वाटलं तर रबरी खेकडा नाहीतर शेपूट लावायची. पाण्यात टाकली की बुडते, आणि तळावरून थोडी थोडी उचलत आणली की माशाला वाटतं, काहीतरी जितं चाललंय. अविनाशनं चार वर्षांपूर्वी बापाच्या वाढदिवसाला ऑनलाइन मागवून दिल्या होत्या, बारा. डब्यावर बास नावाच्या परदेशी माशाचं चित्र. आमच्या तलावात बास कुठून येणार? पण आमच्या मरळीला चित्र वाचता येत नाही. ती आपली शेवाळाखाली दबा धरून बसते आणि समोरून जाईल त्यावर तुटून पडते. शेषरावांनी मोबाइलवर परक्या भाषेतले व्हिडिओ आवाज बंद करून पाहिले, नुसते हात पाहिले म्हणा, आणि शिकले. चार वर्षं दर रविवारी गावाबाहेरच्या पाझर तलावावर. मासा मिळाला की जोडीदार ज्ञानेश्वरला देऊन टाकायचे, कारण स्वतः खात नव्हते. जन्मात कधी खाल्ला नाही.

हे सगळ्या घराला ठाऊक. तरी झालं काय, तर शेषरावांची थोरली बहीण पुष्पाबाई उंद्रीहून भेटायला आल्या, भावाचं ते बोट पाहिलं आणि निकाल देऊन मोकळ्या झाल्या. "जयमाला, त्याले मासा खावासा वाटून राह्यला. आजारी मानसाची वासना मागं ठेवू नोको. राहून गेली तं जन्मभर आपल्यालेच बोलनं लागंन."

"पन वन्सं, ते खात नाईत."

"चांगला होता तवा नव्हता खात. आता जिभेचं काय सांगता येते?"

आपल्याकडं आजारी माणसाच्या इच्छेपुढं कोणाचं काही चालत नाही, मग ती इच्छा त्याची असो नाहीतर नणंदेची. मंगळवारी मरळ आली. घरात कधी शिजली नव्हती म्हणून अंगणात तीन दगडांची चूल मांडली, वेगळं भांडं काढलं, पुष्पाबाईंनी स्वतः मसाला वाटला. शेषरावांपुढं ताट आलं.

"खाशीन ना बापा?" पुष्पाबाईंनी विचारलं.

"हाव."

पहिला घास तोंडात गेला आणि जसाच्या तसा पुष्पाबाईंच्या पदरावर आला. शेषरावांच्या डोळ्यांत असा राग, की जयमालाबाई दोन पावलं मागं सरल्या. ताट उचललं तरी त्यांचं बोट कोनाड्याकडंच. पुष्पाबाई पदर धुता धुता म्हणाल्या, "म्हंजे जास्त तिखट झालं वाटते." त्यांचं काही चुकतच नाही, त्याला कोण काय करणार.

बुधवारी जयमालाबाईंनी डबा कोनाड्यातून काढला आणि खाटेपासून दोन हातांवर बसून उघडला. जवळ नेला नाही. गळ टोचला तर? आधीच रक्त पातळ व्हायच्या गोळ्या चालू. सगळ्या घरानं अडीच महिने हेच केलं होतं, डबा दाखवायचा आणि लांब ठेवायचा. त्यांनी एकेक जिग वर धरली.

"ही का?" काळी, निळ्या चमकीची. "हाव."

"का ही?" हिरवी, जड. "हाव."

"ही भुरी?" "हाव."

बाराच्या बारा हाव.  पुन्हा पहिलीपासून सुरू केलं तर कोणती झाली, कोणती राहिली, तेच कळेना. दोन जिगांच्या झालरी एकमेकींत गुंतल्या, त्या सोडवता सोडवता एक रबरी खेकडा तुटून पडला. शेषराव डाव्या हातानं गादीवर थापा मारत होते. बाईंना रडू आलं. "मले कळून नाई राह्यलं वो," त्या म्हणाल्या. "तुम्ही काय म्हनून राह्यले ते मले काहीच कळून नाई राह्यलं."

"हाव," शेषराव म्हणाले, आणि त्यांच्याही डोळ्यांत पाणी होतं.

गुरुवारी ज्ञानेश्वर आला. हा मालवाहू ॲपे चालवतो आणि तोंड त्याहून जोरात चालवतो. बाईंनी त्यालाच विचारलं, यातली कोणती, केव्हा, कशी.

"काही अवघड नाई काकू. पानी गढूळ असलं का काळी-निळी. नितळ असलं का मातकट नाई तं हिरवी. शेवाळ दाट असलं का जड, म्हंजे फाडून खाली जाते. पन थंडीत मासा सुस्त असते, तवा हलकी, म्हंजे हळू पडते."

"मंग आता? थंडी आहे, पानी नितळ, आन शेवाळ दाट."

ज्ञानेश्वर डोकं खाजवायला लागला. "आता तं... जड-हलकी पाह्यजे. म्हंजे मधातली. म्हंजे काका बरोबर काढत. मी आपला ते देत ते बांधत होतो."

"आन मासा लागला हे कसं कळते?"

"ते दोऱ्यात कळते. टुक करते."

"आन गोट्याले लागली तं?"

"गोटाबी टुकच करते."

"मंग फरक काय?"

"फरक आहे," ज्ञानेश्वर अगदी ठामपणानं म्हणाला. "पन तो काकाले ठाऊक."

झालं. चार वर्षं बरोबर बसून या पठ्ठ्यानं नुसते मासे खाल्ले होते. पण त्याच्याकडं ॲपे होता आणि अंगात जोर होता, आणि बाईंना तेवढंच हवं होतं. "उद्या दुपारी आपन त्याईले तलावावर नेऊ," त्या म्हणाल्या. ज्ञानेश्वरनं विचारलं, काकाला विचारलं का. बाई म्हणाल्या, "इचारून काय फायदा? हावच म्हनतीन." आयुष्यात पहिल्यांदा त्यांनी न विचारता काही ठरवलं होतं, आणि त्याची त्यांनाच धास्ती वाटत होती.

शुक्रवारी ऊन कलल्यावर निघाले. ॲपेच्या हौद्यात गादी, गादीवर शेषराव, त्यांना धरून जयमालाबाई. वाटेत हरभऱ्याची काढणी चाललेली. बाया वाकलेल्या सरळ होऊन पाहायच्या आणि विचारायच्या, "दवाखान्यात नेता का?" बाई म्हणायच्या, "हाव." आणि आपण हे काय बोललो म्हणून गप्प व्हायच्या.

तलावाच्या काठाला बेशरमीच्या झुडपांचं रान. त्यातून एक पायवाट, पुढं मोकळी जागा, पाण्यात बुडालेली बाभळीची दोन खोडं. ज्ञानेश्वरनं प्लास्टिकची खुर्ची मांडली आणि शेषरावांना उचलून बसवलं. बाई शेजारी दगडावर. रॉड बांधून झाला, पण जिग कोणती बांधायची? ज्ञानेश्वरनं डबा उघडला आणि ठेवायला सपाट जागा दिसेना म्हणून, काही विचार न करता, शेषरावांच्या मांडीवर ठेवला.

बाई "टोचंन" म्हणायला तोंड उघडत होत्या. तोवर शेषरावांचा डावा हात डब्यात गेला होता. बोटं काळी-निळीवरून गेली, हिरवीवरून गेली, आणि एक लहानशी मातकट जिग चिमटीत वर आली. तिची झालर कात्रीनं आखूड केलेली होती, झुपकाही थोडा कापलेला, म्हणजे हे काम त्यांनीच कधीतरी करून ठेवलेलं. त्यांनी ती ज्ञानेश्वरपुढं धरली. काही चाचपणं नाही, काही गोंधळ नाही.

जयमालाबाई पाहत राहिल्या. अडीच महिने आपण डबा लांब धरून त्याला विचारत बसलो. हातात दिला असता तर? त्यांना स्वतःचा असा संताप आला, की दगडावर डोकं आपटून घ्यावं.

ज्ञानेश्वरनं जिग फेकली ती बरोबर खोडांच्या मधे. "आता तिले पडू द्या काकू. दोरा पाहा. सैल झाला म्हंजे तळाले टेकली. मंग रॉड थोडा वर, पुन्हा खाली. घाई नोको." आणि रॉड बाईंच्या हातात देऊन तो मोकळा झाला.

बाईंनी रॉड वर केला. टुक. "मासा," त्या म्हणाल्या आणि जोरात हिसका दिला. शेवाळाचा भारा आला. पुन्हा फेकलं. टुक. पुन्हा हिसका. काहीच नाही, दगड असावा. तिसऱ्यांदा नुसती थरथर, तर त्या घाबरून थांबल्या आणि ज्ञानेश्वर म्हणाला, "अवो काकू, तो मासा होता." जो ओढायचा तो सोडला, जो सोडायचा तो ओढला. शेषराव घशातून आवाज काढत होते आणि डावा हात लांबवून दोऱ्याकडं झेपावत होते.

"दोरा पाह्यजे का?" बाईंनी विचारलं, आणि हाव म्हणायच्या आत खुर्ची जवळ ओढून दोरा त्यांच्या बोटावर ठेवला. रॉड बाईंच्या हातात, रीळाच्या पुढचा दोरा शेषरावांच्या डाव्या तर्जनीवर. पूर्वीही तो तिथंच असायचा.

शेषराव शांत झाले. दिवाळीपासून इतके शांत बाईंनी त्यांना झोपेतसुद्धा पाहिलं नव्हतं. बाईंनी रॉड उचलला. टुक.

"मासा आहे का वो?"

"हाव," तोंड म्हणालं.

पण बोट ढिलं पडलं. दोरा त्यांनी सोडून दिला, जसा काही त्याच्यात अर्थ नाही. बाईंनी ओढून पाहिलं. दगड. पुन्हा. टुक. "हा?" "हाव." बोट ढिलं. शेवाळ निघालं. बाईंना वाटलं, आपल्याला भास होतोय. पुन्हा रॉड उचलला, जिग पडू दिली. या वेळी टुकही झालं नाही, दोरा नुसता जड झाल्यासारखा वाटला. बाई विचारणारच होत्या, पण त्याआधी ते बोट आकड्यासारखं वळलं आणि दोरा घट्ट ओढून धरला.

बाईंनी अंगातलं सगळं बळ लावून हिसका दिला. पलीकडून तसाच हिसका आला. मनगटातून कळ डोक्यात गेली, ज्ञानेश्वर धावला, दोघांनी मिळून रीळ फिरवलं, आणि हातभर लांबीची मरळ काठावरच्या चिखलात येऊन आपटली. ज्ञानेश्वरला काय आनंद. मासा ओल्या पोत्यात घालायला तो ॲपेकडं गेला. बाईंना मात्र मासा दिसलाच नाही. त्या त्या बोटाकडं पाहत होत्या.

त्यांनी ज्ञानेश्वरचं पाहून ठेवलेलं तसं, कसंबसं, जिग पुन्हा जवळच पाण्यात सोडली. दोरा पुन्हा बोटावर ठेवला. इकडंतिकडं पाहिलं, कोणी नव्हतं. मग हळूच, लाजत विचारलं, "माहं नाव कोकिळा व्हय का?"

"हाव," शेषराव म्हणाले. बोट ढिलं.

"जयमाला व्हय?"

"हाव." बोट वळलं, दोरा ताणला.

बाईंनी आणखी एक विचारलं, "तुमच्या बहिनीनं केलेली मरळ चांगली होती?"

बोट इतकं ढिलं पडलं की दोरा खुर्चीच्या हातावरून घसरला. बाई हसल्या, आणि हसता हसता रडल्या. शेषरावांचं डाव्या बाजूचं तोंडही वाकडं होऊन हसलं. होताच की हा माणूस, अडीच महिने घरातच होता, आणि आज दिसला.

मग बाईंनी तोंड पुसलं. जे विचारायचं होतं ते विचारायची आता भीती वाटायला लागली.

"पुण्याले जायचं आहे तुम्हाले?"

बोट वळलं. दोरा ताठ.

 बाईंना वाटलं होतं, खात्रीच होती, की ढिलं पडेल. "नीट आयका," त्या म्हणाल्या. "मळा सोडून, हे सगळं सोडून, पुण्याले?"

बोट जरा थांबलं. मग पुन्हा वळलं.

"तिथं करमंन तुम्हाले?"

ढिलं.

आता काय समजायचं? करमणार नाही, पण जायचंय. बाईंना वाटलं, आपलंच काही चुकलं. पुन्हा विचारलं, पुन्हा तेच. "अविनाशसाठी जायचं का? त्याले बरं वाटावं म्हनून?" ढिलं. "नातीसाठी?" थोडं थरथरलं, पण ढिलंच. "तिथल्या डाक्टरसाठी?" ढिलं. "इथं कोनी काही बोललं का तुम्हाले?" ढिलं. बाईंकडचे प्रश्न संपले. तलावावर वारा सुटला होता, दोरा वाऱ्यानंच हलत होता, त्याचंही त्यांना उत्तर वाटायला लागलं.  सोमवारी काही कळत नव्हतं ते बरं होतं, असं त्यांना वाटून गेलं.

त्यांनी शेषरावांकडं पाहिलं. शेषराव त्यांच्या तोंडाकडं पाहत नव्हते. ते पाहत होते त्यांच्या मनगटाकडं. हिसक्यानं पट्टी सुटली होती आणि खालचं सुजलेलं, काळंनिळं मनगट उघडं पडलं होतं.

"माह्यासाठी?" बाई म्हणाल्या.

दोरा असा ताणला गेला, की बोटाच्या कातडीत रुतला. बाईंनी सोडवायला हात घातला तरी शेषराव सोडेनात.

जयमालाबाईंना माया आली म्हणता? आली, पण नंतर. आधी आला तो राग, जन्माचा साठलेला. "माह्यासाठी जाऊन राह्यले तुम्ही," त्या म्हणाल्या. आवाज चढला होता आणि त्यांना त्याचं भान नव्हतं. "आन मी तुमच्यासाठी निंघून राह्यली. तिथं तुम्हाले करमनार नाई, मले करमनार नाई, आन दोघं मिळून त्या बंद खोलीत एकमेकाची सेवा करू. मले इचारलं का तुम्ही? कधी इचारलं? नुसतं हे पुण्याचं नाई म्हनत मी. कधीच, कोन्या गोष्टीले, इचारलं होतं का?"

 मग दोरा सैल पडला.

"नाई ना," बाई म्हणाल्या. दम लागला होता. "मंग इचारा आता."

आणि मग त्यांनाच कळलं, की हा काय विचारणार. त्याच्याजवळ एक शब्द, तोही चुकीचा. त्यांना स्वतःच्या बोलण्याची लाज वाटली. "जाऊ द्या," म्हणून त्या रॉड आवरायला लागल्या.

शेषरावांनी त्यांचा हात धरला. डाव्या हातानं, ओबडधोबड, बाईंची मूठ उघडली. तर्जनी सरळ केली. दोरा आपल्या बोटावरून काढला आणि बाईंच्या बोटावर ठेवला. नीट बसला का ते पाहिलं, पुन्हा थोडा सरकवला. मग त्यांच्याकडं पाहत बसले. लग्नात अंतरपाट दूर झाला तेव्हाही या माणसानं आपल्याकडं असं पाहिलं नव्हतं, बाईंना वाटलं.

बाईंच्या बोटावर दोरा होता. पलीकडं पाण्याखाली काय चाललंय त्याची बारीक धुगधुग त्यात येत होती. ती दगडाची, का शेवाळाची, का माशाची, ते त्यांना काही सांगता आलं नसतं. पण आपलं उत्तर त्यांना ठाऊक होतं. त्यांनी बोट ढिलं सोडलं.

शेषरावांनी डोळे मिटले आणि मान मागं टेकली. ज्ञानेश्वर आला तेव्हा दोघं तशीच बसलेली. "काका झोपले का?" त्यानं विचारलं. बाई म्हणाल्या, "नाई. ऐकून राह्यले."

शनिवारी सकाळी अविनाशचा फोन आला. उद्या पहाटे निघतो, म्हणाला. सामान जास्त घेऊ नका. "बाबाले दे ना जरा फोन."

"बाबाले इचारू नोको," जयमालाबाई म्हणाल्या.

"काऊन? काय झालं?"

"काही नाई झालं. मले इचार."

 पलीकडून गाड्यांचे आवाज येत होते. आईला काय विचारतात हे अविनाशला ठाऊक नव्हतं, आणि त्यात त्याची काय चूक? घरात कधी पाहिलंच नव्हतं. "काय इचारू?" तो म्हणाला.

"आई, तुले यायचं का, असं इचार."

"...आई, तुले यायचं का?"

"नाई," जयमालाबाई म्हणाल्या. शब्द बाहेर आला आणि त्या स्वतःच थोड्या दचकल्या. खाटेवर शेषराव डावा हात छातीवर ठेवून ऐकत होते. "तू ये, दोन दिवस राह्य, पोरीले घेऊन ये. पन आमी नाई येत."

"अगं पण तुझ्यानं उचलनं नाई होत बाबाले, हात पाह्य तुझा, पुष्पाआत्यानं सांगितलं मले. असं कसं चालंन? तुले काय पाह्यजे आई, नेमकं?"

तुले काय पाह्यजे. एवढ्या वर्षांत एवढा सरळ प्रश्न त्यांना कोणी केला नव्हता. फोन धरून त्यांनी खाटेकडं पाहिलं, तर शेषरावही उत्तराची वाट पाहत होते.

"सकाळी दोन घंटे एक गडी पाह्यजे," शेवटी त्या म्हणाल्या. "याईले उचलाले. बाकी मी करीन."